‘धोटा’ची पहिली कॅसेट

"थांबा, थांबा, थांबा!"

काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट सामंतांचा आवाज आमच्या हेडफोनमध्ये घुमला आणि मी काठ्या हवेतच धरून बसलो. फिरोजनं गिटारच्या तारांवर तळहात ठेवून आवाज दाबला. शैला माइकसमोर तोंड उघडं ठेवूनच उभी राहिली, कारण तिची ओळ अर्ध्यात तुटली होती. सकाळपासून हेच चाललं होतं.

"ड्रम परत पळाले," सामंत म्हणाले. "सुरुवात बरी होती. पण कडव्याला धावले आणि शेवटी तर उधळलेच."

"आणि मधे?" फिरोजनं विचारलं.

"मधे बसले."

ड्रम वाजवणारा मी. सुकुमार मगदूम, राहणार इचलकरंजी. नाव सुकुमार आणि धंदा बडवायचा, यावरून मी आयुष्यभर बोलणी खाल्लेली आहेत. पण त्या दिवशी मुंबईच्या त्या स्टुडिओत कुणी चेष्टासुद्धा करत नव्हतं आणि तेच जास्त वाईट होतं.

गोष्ट मोबाइल यायच्या आधीची. आम्ही तिघं. फिरोज मुजावर गिटार वाजवायचा आणि गाणी करायचा, शैला हावळ गायची आणि बेस वाजवायची, आणि मी. बँडचं नाव ‘धोटा’. कापड विणायच्या मागात सूत घेऊन इकडून तिकडं धावतो तो लाकडी तुकडा म्हणजे धोटा. आमच्या गावात पोरांना बोलता यायच्या आधी तो शब्द येतो. मराठीत रॉक वाजवणारी, त्यात एक पोरगी, त्यात इचलकरंजीची, म्हटल्यावर लोक आधी हसायचे. मग शैला गायला लागली की हसायचं विसरायचे. असंच कोल्हापूरच्या एका कॉलेजात गोगटे नावाच्या कंपनीवाल्यानं आम्हाला ऐकलं आणि म्हणाला, मुंबईला या, कॅसेट काढू. आठ गाणी आणि एक दिवस स्टुडिओ. आम्ही आनंदानं वेडे व्हायचेच बाकी होतो.

स्टुडिओ तळघरात होता. भिंतींना गालिचा, छताला गालिचा, दार बंद केलं की बाहेरचं जग बंद. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. स्वतःची थुंकी गिळली तरी ऐकू यायची. मला वाटलं, वा, काय जागा आहे! याच्याइतकं चांगलं वाजवायला मिळणार कुठं? आणि नेमकं इथंच माझं सगळं बिनसलं.

दार उघडून गोगटे आत आले. बोलायला गोड माणूस. "बघा, गाणी उत्तम आहेत. मॅडम उत्तम गातात. गिटार उत्तम." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही दमलात. निवांत जेवून घ्या. वांद्र्याहून आमचा रॉनी येतोय. तो रोज हेच काम करतो. तो वाजवून जाईल, पण कव्हरवर नाव तुमचंच राहील, त्याची काळजी करू नका."

"म्हणजे नाव ह्याचं आणि हात दुसऱ्याचे?" शैला म्हणाली.

"असं सगळीकडं चालतं हो."

"आमच्याकडं न्हाई चालत."

"मग कॅसेट राहू दे," गोगटे तितक्याच गोडीनं म्हणाले. "मी जेवून येतो. रॉनी माझ्याबरोबरच येईल. तोपर्यंत एखादं गाणं जमलं तर बघू."

ते गेले. मुंबईला निघताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, माझ्या हातातल्या काठ्यांकडं बघून एवढंच म्हटलं होतं, "जा. कॅसेट निघाली तर तुझं तू बघ. न्हाई निघाली तर ह्या काठ्या चुलीत आणि तू मागावर." अण्णा बोलले की विषय संपला. अण्णांशी खोटं बोलणं मला कधी जमलं नव्हतं. कॅसेट निघाली असती, कव्हरवर माझं नाव असतं, आणि अण्णांनी विचारलं असतं, "ह्यात वाजवतोय कोण?" तेव्हा मी काय सांगणार होतो?

"ऊठ," फिरोज म्हणाला. "त्यो रॉनी येईस्तोवर वाजवायचं."

सामंत माणूस भला. सावंतवाडीकडचे, केस पिकलेले, शर्टाच्या खिशात सुपारीची डबी. त्यांनी कपाटातून एक छोटं यंत्र काढलं. "ह्यातून टिक-टिक येईल. तिच्याबरोबर वाजवा, म्हणजे पळणार नाही."

टिक, टिक, टिक, टिक. मी वाजवलं. खरंच पळालो नाही. गाणं संपलं.

"चूक एकही नाही," सामंत म्हणाले.

"पण?"

"पण शाळेच्या कवायतीसारखं वाटतंय."

मला स्वतःलाच ते कळत होतं. ती टिक-टिक सरळसोट, आणि माझे हात मात्र दर ठोक्याला तिच्याशी भांडत होते. मी म्हणालो, "काका, दुसरं गाणं घेऊ. हेच बाधतंय."

शैलानं दुसरं गाणं गुणगुणलं. सामंत यंत्राचं बटण फिरवून वेग लावायला लागले. फिरवलं, परत आणलं, थोडं पुढं, थोडं मागं. मग थांबले. "आकडा तोच आला. बरं, तिसरं म्हणा."

तिसरं म्हटलं, तर आकडा तोच.

"चौथं?"

चौथं म्हणजे फिरोजचं संथ गाणं, त्याचे वालिद वारल्यावर केलेलं. सामंतांनी डोळे मिटून ऐकलं. "हे निम्म्यानं चाललंय. पण आकडा तोच हो!" त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमची सगळीच गाणी एकाच वेगात आहेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

"काय तरीच काय काका!" शैला उसळली. "एक प्रेमाचं हाय, एक मोर्चाचं हाय."

"असू दे. प्रेम आणि मोर्चा, दोन्हींचा आकडा एक."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. एवढी वर्षं एकत्र वाजवतोय, भांडतोय, शब्दावरनं अबोला धरतोय, आणि सगळी गाणी एकाच वेगात? आयला, आणि तिघांपैकी एकालाही पत्ता नाही!

फिरोजला हे फार लागलं. गाणी त्याची. तो तावातावानं पिशवीपाशी गेला आणि एक कॅसेट काढून सामंतांच्या पुढ्यात आपटली. "हे ऐका. आमच्या खोलीत वाजवलेलं हाय. साध्या टेपवर. मग सांगा, ह्यो कच्चा हाय का पक्का!"

खोली म्हणजे आमच्या मागाच्या कारखान्याला लागून असलेली सुताची कोठी. एक भिंत सामाईक. अण्णांनी ती आम्हाला दिली नव्हती, फक्त तिथून हाकललं नव्हतं. फिरोजला तर अण्णांनी एकदा खरोखर हाकललं होतं. शाळेत असताना त्यानं गंमत म्हणून एका रिकाम्या मागाचं हँडल ओढलं होतं. मागावर बीम, म्हणजे सुताचा रूळ नाही, धोट्यात सुताची कांडी नाही, आणि ह्यानं माग चालू केला! आमच्या घरात रिकामा माग चालवत नाहीत. आजोबांच्या वेळेपासूनचा नेम. कामाशिवाय माग पळवणं म्हणजे घराची बरकत उडवून लावणं, असं अण्णा मानायचे. शिवाय सुताशिवाय धोटा पळाला की कुठं उडेल सांगता येत नाही, एखाद्याचा डोळा जायचा. त्या दिवशी अण्णा फिरोजवर जे ओरडले, ते ऐकून सगळा कारखाना थांबला होता. त्यानंतर कितीतरी दिवस फिरोज आमच्या बोळातसुद्धा आला नाही.

सामंतांनी कॅसेट लावली. आवाज घरगुती, खरखरीत. पण काय वाजत होतं! गाणं नुसतं झुलत होतं. मी स्वतःच ऐकून ताठ बसलो. सामंतांची मान हलायला लागली, मग बोटं टेबलावर पडायला लागली. कडवं आलं तरी ड्रम जागचे हलले नाहीत.

"बघितलं?" फिरोज म्हणाला.

सामंत स्पीकरच्या अगदी जवळ कान घेऊन गेले होते. "हा आवाज कसला आहे?"

"कुठला?"

"हा. मागं. सारखा चाललाय."

आम्ही तिघांनी कान लावले. "कुठं काय हाय?" मी म्हणालो.

"अहो, हा एवढा मोठा! खट-खटाक, खट-खटाक!"

"काका, काय बी आवाज न्हाई," शैला म्हणाली, अगदी मनापासून. "ते माग हायत नुसतं."

सामंतांनी टेप बंद केला. खोलीत परत ती गालिच्याची शांतता पसरली. त्यांनी आमच्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि जे हसायला लागले ते हसायला लागले. सुपारीचा ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे देवा! मुलांनो, तुमचा ड्रमर हा नव्हेच! तुमचा ड्रमर तिकडं भिंतीपलीकडं वाजतोय!"

क्षणभर मला राग आला. मग अंगावर सर्रकन काटा आला. खरंच की! जन्मल्यापासून तो आवाज कानात. त्या आवाजात झोपलो, त्या आवाजात अभ्यास केला, तो बंद पडला की जाग यायची. धोटा जातो तेव्हा खट आणि येतो तेव्हा खटाक. जाणं-येणं कधीच सारखं नसतं, येतानाचा ठोका जरा जड आणि जरा उशिराचा. सगळा माग असा किंचित लंगडत चालतो. आमची गाणीही तशीच लंगडत चालायची आणि लोक त्याच्यावरच नाचायचे. त्या टिक-टिकला लंगडता येत नव्हतं, म्हणून माझे हात तिच्याशी भांडत होते. आणि ह्या गालिच्याच्या खोलीत तर मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"मग हीच कॅसेट ह्याच्या कानात सोडा," शैला म्हणाली.

"तिच्यात गाणंही आहे ना. एका गाण्यावर दुसरं गाणं कसं वाजवणार?" सामंत म्हणाले. "नुसते माग पाहिजेत."

फिरोज उभा राहिला. "सुक्या, फोन लाव."

"कुणाला?"

"मागाला!"

मी सामंतांकडं बघितलं. मला वाटलं, हा माणूस आता आम्हाला हाकलणार. पण त्यांच्या डोळ्यांत अशी काही चमक आली होती की बस्स! ते उठले आणि खणातून वायरचं भेंडोळं ओढायला लागले. "गोगटेसाहेबांच्या केबिनमध्ये फोन आहे. साहेब जेवायला गेलेत. चला, चला, पटकन!"

आम्ही केबिनमध्ये घुसलो. मी नंबर फिरवला. लागला! एवढ्या मोठ्या दिवसातलं पहिलं नशीब. आमचा फोन कारखान्याच्या दाराशी अण्णांच्या टेबलावर असायचा.

"हॅलो?" आई होती.

"आई, मी सुकुमार."

"सुकू! जेवलास काय?"

"आई, माग चालू हायत काय?"

"आज सुट्टी न्हवं का बाबा. जेवलास का न्हाई ते सांग की आधी."

सुट्टी! मी कपाळावर हात मारला. आम्हाला आठवड्यातला नेमका तोच दिवस मिळाला होता. "आई, अण्णांना दे."

खरखर झाली. मग अण्णांचा आवाज आला. "काय रं."

"अण्णा, एक माग चालू करा. आन् फोन त्याच्याजवळ धरा."

"कशापायी?"

"मला ऐकायचाय."

"एवढी वर्सं तर कानात बोटं घालून पळत हुतास."

आडवळणानं बोलायला वेळच नव्हता. "अण्णा, हितं माझ्या जागी दुसरा माणूस बसवाय लागल्यात. माग ऐकू आला तर मी वाजवतोय. न्हाईतर मला जमंना झालंय. माझ्यानं हुईना."

फोन तुटला की काय म्हणून मी दोनदा हॅलो केलं. मग अण्णा म्हणाले, "धर."

टेबल सरकल्याचा आवाज आला. चपला वाजल्या. आई काहीतरी म्हणत होती, "अहो, त्यो न्हवं, त्यो कसा..." आणि अण्णा म्हणाले, "तू गप ऱ्हा." मग खट! आणि थांबला. परत खट-खटाक! परत थांबला. माझा जीव टांगणीला. मग तिसऱ्यांदा चालू झाला आणि धरला.

खट-खटाक, खट-खटाक, खट-खटाक.

सामंतांनी माइक रिसिव्हरला लावून वर आपला पंचा गुंडाळला आणि ओरडले, "पळा!"

आम्ही पळालो. मी ड्रमवर बसलो, हेडफोन चढवला. कानात घर! एकटा एक माग, फोनच्या तारेतून आलेला, बारीक, चेपलेला, पण तोच. माझ्या मांड्या आपोआप हलायला लागल्या. मी काठ्या वर केल्या. "एक, दोन, तीन..."

आणि काय सांगू! गाणं बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं. फिरोज दात विचकून हसत होता, गिटार वाजवता वाजवता गुडघ्यात वाकत होता. शैलानं जो स्वर लावला, तो मी तिच्या गळ्यातून त्याआधी ऐकलाच नव्हता. कडवं आलं. मी पळालो नाही. मधला भाग आला. मी बसलो नाही. मला काही करावंच लागत नव्हतं, माग मला नेत होता आणि मी त्याच्या पाठीवर बसून बडवत होतो. शेवटचा ठोका पडला. झांजेचा आवाज विरत गेला.

तेवढ्यात हेडफोनमध्ये, मागाच्या आवाजावरून, अण्णांची आरोळी आली, "झालं काय रंऽऽ?"

काचेपलीकडं सामंत खुर्चीतून उठून नाचत होते. जे झालं ते सगळं टेपवर आलं होतं, अण्णांसकट! मी हेडफोन भिरकावून केबिनकडं धावलो, पंचा बाजूला करून रिसिव्हरमध्ये ओरडलो, "अजून न्हाई, अण्णा! चालू ठेवा!"

"आं?"

"अजून न्हाईऽऽ!"

मग एकामागून एक. गाणं संपलं की मी केबिनकडं धावायचो, ओरडायचो, परत येऊन बसायचो. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. तिसरं गाणं संपवून धावलो तर केबिनच्या दारात गोगटे उभे, शेजारी एक केस वाढवलेला उमदा माणूस. दोघं टेबलाकडं बघत होते. टेबलावर फोन, त्याला पंचात गुंडाळलेला माइक, आणि आतून खट-खटाक.

"हा कुणाचा फोन चालू आहे?" गोगटेंचा गोडवा पार गेला होता.

"आमच्या अण्णांचा," म्हणालो आणि त्यांच्या हाताखालून आत शिरलो. "अजून न्हाई, अण्णा!"

सामंत धावत आले. "साहेब, आधी ऐका. मग मला काय बोलायचं ते बोला."

चौथं गाणं वाजवताना मी काचेतून बघत होतो. रॉनी आधी भिंतीला टेकून उभा होता. मग खुर्चीच्या कडेला बसला. मग पुढं वाकला. गाणं संपलं तेव्हा तो बटण दाबून आमच्याशी बोलला. "बॉस, हे मला नाही जमणार. मी हे सरळ वाजवीन, ते मरून जाईल." आणि गोगटेंकडं वळून म्हणाला, "साहेब, मला कशाला बोलावलंत? ह्यालाच वाजवू द्या." अनोळखी माणूस, माझ्या पोटावर पाय द्यायला आलेला, आणि जाताना माझा हात दाबून गेला. त्याला मी अजून दिवाळीला फोन करतो.

गोगटे सोफ्यावर बसून राहिले. सहाव्या गाण्याला त्यांचा बूट हलायला लागला. आता आम्हाला कोण थांबवतंय!

शेवटच्या गाण्याचा शेवटचा ठोका मी मारला आणि त्याच क्षणी कानातला माग गेला. लाइन तुटली. मी केबिनमध्ये धावलो, परत नंबर फिरवला. एंगेज. परत फिरवला, एंगेज. पलीकडं रिसिव्हर खाली ठेवलेलाच नव्हता. म्हटलं, आता ठेवतील. मग फिरोजनं मला उचललं, शैला आनंदानं रडायला लागली, सामंतांनी सगळ्यांना सुपारी दिली, आणि त्या गडबडीत फोन राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीतून उतरलो. कधी एकदा अण्णांना सांगतो असं झालं होतं. कारखाना सुरू होता, सगळे माग चालू, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज मला ऐकू येत होता. दाराजवळचा पहिला माग तेवढा बंद होता. मी त्याच्याजवळून पुढं गेलो आणि थबकलो. मागं वळून बघितलं. त्याच्यावर बीम नव्हता. सूत नव्हतं. नुसता सांगाडा.

अण्णा टेबलाशी बसले होते. त्यांच्या उजव्या तळहाताला फडकं बांधलेलं आणि त्यातून हळद बाहेर आलेली. आई चहा घेऊन आली, तिला मी विचारलं, "हाताला काय झालं?"

"इचार त्यांनाच," आई म्हणाली. तिचा राग अजून गेला नव्हता. "सूत नसलं की माग आपसूक बंद पडतोय, म्हायतेय न्हवं तुला? हँडल दाबून धराय लागतंय. एका हातात फोन आन् एका हातात हँडल. दिवेलागणीपतूर हुबं! मी म्हटलं, सोडा आता, हाताची सालटी निघाली. तर मलाच वरडाय लागलं."

"दिवेलागणीपतूर?" मी म्हणालो. आमचं काम तर केव्हाच संपलं होतं. "अण्णा, लाइन तुटली हुती."

"मागाच्या आवाजात मला काय कळतंय?" अण्णा म्हणाले. "मी इचारलं की, झालं काय रं. तू कुठं झालं म्हणालास?"

मी त्या पहिल्या मागाकडं बोट केलं. "पर अण्णा... रिकामा? बाकीच्यांवर बीम हुतं की. दुसरा कुठला चालवायचा हुता."

अण्णांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायले. मग टेबलावरच्या फोनकडं बघून म्हणाले, "तार तेवढीच पोचत हुती."

मी तिथंच सुताच्या गठ्ठ्यावर बसलो आणि लहान पोरासारखा हमसून हमसून रडलो. माग चालू होते, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नाही. थोड्या वेळानं आईनं विचारलं, "मग त्या काठ्यांचं काय करायचं? चुलीत घालायच्या हुत्या न्हवं?"

"ऱ्हाऊ देत," अण्णा म्हणाले. "गॅस आलाय आता."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ती कॅसेट निघाली, पहिल्या गाण्याच्या शेवटी अण्णांची आरोळी सामंतांनी तशीच ठेवली. मग दुसरी कॅसेट, तिसरी, मग सीड्या, आता नुसतं फोनवर सोडतो. केस पांढरे झाले, फिरोजला नात झाली, पण बँड फुटला नाही. कार्यक्रम कुठंही असो, शेवटचं गाणं झालं की अख्खं मैदान ओरडतं, "झालं काय रंऽऽ?" आणि आम्ही तिघं माइकवर ओरडतो, "अजून न्हाईऽऽ!" की पुन्हा वाजवायला सुरुवात. लोकांना वाटतं, आम्ही काहीतरी मोठा अर्थ काढून ते घातलंय.

मधे इचलकरंजीत नवे माग आले, धोटा नसलेले. आमचे जुने भंगारात गेले. अण्णांनी एक तेवढा दिला नाही. भंगारवाल्याला म्हणाले, "त्यो माझा न्हाई, पोरांचा हाय." त्याच्यावर परत कधी बीम चढला नाही.

परवाच नव्या गाण्यांचं रेकॉर्डिंग होतं. आता सामंत नाहीत, त्यांच्या जागी बसणाऱ्या मुलीनं कॉम्प्युटर उघडून विचारलं, "काका, मागाचा आवाज तयार आहे माझ्याकडं. लावू?"

"नको," शैला म्हणाली. "सुक्या, फोन लाव."

मी फोन लावला. अण्णांना आता नीट ऐकू येत नाही, ओरडून सांगावं लागतं. त्यांच्या हातात मोबाइल असतो. तार नाही, काही नाही, तो घेऊन ते कुठंही बसू शकतात. तरी उठले. चपला वाजल्या. मग खट, आणि थांबला. परत खट-खटाक, थांबला. तिसऱ्यांदा धरला.

आम्ही वाजवलं. शेवटचा ठोका पडला आणि मागावरून तीच आरोळी आली, जरा कापरी, पण तीच.

"झालं काय रंऽऽ?"

मी काठ्या टाकून फोनकडं धावलो. गुडघे दुखतात, तरी धावलो.

"अजून न्हाई, अण्णा! अजून न्हाई!"